मोटर मोबाईलवर घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं गाव. नोकरी पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत, पण काम बहुतेक घरूनच चालतं. शेतात ऊस आणि भात, बोअरवर ५ एचपीची थ्री फेज सबमर्सिबल. थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दुपारी तर कधी रात्री अडीचला, आणि मग वडील बॅटरी घेऊन शेताकडे निघतात. ‘मला जावा आणि पायथन येतं, इलेक्ट्रॉनिक्स शून्य. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारं यंत्र स्वतः बनवायचं आहे. आर्डुइनो घेऊ, ईएसपी३२ घेऊ की रास्पबेरी पाय? आणि घरचे म्हणतात तसं हे खेळण्यांवर पैसा घालवणं आहे का?’

खेळणी आहेतच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण दिवसभर लिहितो तो कोड लांब कुठल्या तरी सर्व्हरवर चालतो, घरच्यांना तो कधी दिसत नाही. टाकी भरल्यावर वाजणारा बझर मात्र आईला स्वयंपाकघरात ऐकू येतो. घरातलं कुणीतरी रोज वापरेल अशी वस्तू पहिल्यांदा बनवलीत तर खेळण्याचा विषय पुन्हा निघत नाही.

यातला कुठला बोर्ड, म्हणजे प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट, घ्यायचा याचं उत्तर दोन ओळींत संपतं. ईएसपी३२ घ्या. चारशे-पाचशे रुपयांत वायफाय आणि ब्लूटूथसकट मिळतो आणि आर्डुइनोचीच भाषा त्यावर चालते. जुना आर्डुइनो उनो (आर३) शिकायला चांगला, पण त्याची रॅम २ केबी आणि वायफाय नाही. महिन्याभरात तुम्हाला तो अपुरा पडेल. रास्पबेरी पाय म्हणजे अख्खा लिनक्स संगणक. लाईट धाडकन गेली की त्याचं एसडी कार्ड खराब व्हायची भीती, आणि आपल्याकडे लाईट धाडकनच जाते. तो घरात, इन्व्हर्टरवर राहू दे.

आता मुद्द्याचं. मोटर चालू करणारं यंत्र तुम्ही बनवू नका. शेतावर नजर ठेवणारं बनवा. चालू-बंद करायला बाजारात तयार मोबाईल स्टार्टर मिळतात, त्यातला दुरुस्ती गावात होईल असा एखादा घ्या आणि वायरमनकडून बसवून घ्या. हे ऐकून हिरमोड होईल, म्हणून कारण नीट सांगतो.

तुमच्या शेतात बहुधा डीओएल, म्हणजे मोटर थेट लाईनवर घेणारा, स्टार्टर असेल. हिरवं बटण दाबलं की आतल्या कॉइलला करंट मिळतो, कॉन्टॅक्टर (आतला मोठा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो आणि बटण सोडलं तरी स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टवर तो धरून राहतो. लाईट गेली की कॉइल सुटते, आणि लाईट परत आली तरी कुणी बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. वडिलांना रात्री जावं लागतं ते यासाठी. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत यावर उपाय झटपट दाखवतात: एक रिले (बोर्डाच्या सिग्नलवर चालणारा छोटा स्विच) हिरव्या बटणाला समांतर, दुसरा लाल बटणाच्या ओळीत, झालं. कागदावर ते बरोबरही आहे. पण शेतावर बऱ्याचदा न्यूट्रल नसतो, म्हणून कॉइल दोन फेजांच्या मध्ये, ४१५ व्होल्टवर बसवलेली असते. तुम्ही मागवाल त्या निळ्या रिलेच्या पाठीवर स्पष्ट छापलेलं असतं, १० अँपिअर, २५० व्होल्ट. तो ४१५ वर चालतो, चालतो, आणि एक दिवस त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मग मोटर बंद होत नाही.

पुढची अडचण म्हणजे तुमच्या बोर्डाला लागणारे ५ व्होल्ट. मोबाईलचा चार्जर लावायचा तर २३० व्होल्ट हवेत, आणि न्यूट्रल नाही. इथे गावोगाव एक वाईट युक्ती चालते: एक फेज घ्यायचा आणि दुसरी तार अर्थिंगच्या सळीला जोडायची. दिवा लागतो, चार्जरही चालतो. पण जमीन कोरडी झाली किंवा सळीचा जोड गंजला की ती सळी आणि तिला जोडलेली स्टार्टरची पत्र्याची पेटी जिवंत होते. चिखलात अनवाणी उभं राहून त्या पेटीला कुणीतरी हात लावणारच आहे. असं काही तुमच्या शेतात आधीपासून असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी काढा.

ऑटो स्विचचंही तसंच. लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा तो डबा पुष्कळांकडे असतो. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनी तो लावला की लाईट आल्याच्या क्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात. डीओएलवर सुरू होताना मोटर क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते, व्होल्टेज बसतं आणि मोटरी नुसत्या गुरगुरत राहतात. वापरायचाच असेल तर त्यात उशिराची वेळ सेट करता येते का बघा, आणि शेजाऱ्याच्या मोटरीपेक्षा वेगळी ठेवा.

म्हणून नजर ठेवणारं यंत्र. त्यातही शेतात जायची घाई नको, पहिली वस्तू घराच्या गच्चीवरची टाकी. अल्ट्रासॉनिक सेन्सर झाकणात बसवायचा, तो वरून खाली आवाज सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला लागलेले मायक्रोसेकंद ५८ नं भागले की सेंटिमीटर मिळतात. पुस्तकात हे इतकं सोपं आहे. टाकीत मात्र नेहमीच्या एचसी-एसआर०४ सेन्सरच्या दोन उघड्या डोळ्यांवर वाफ धरते आणि एका पावसाळ्यात तो गंजतो. त्याऐवजी जलरोधक जेएसएन-एसआर०४टी घ्या. त्यातही एक खोच आहे: वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. म्हणजे टाकी काठोकाठ भरत आली, नेमकी तेव्हाच तो काहीतरी बरळू लागतो. झाकणावर फूटभर उंचीचा पीव्हीसी पाइपचा रुंद तुकडा उभा करून सेन्सर त्याच्या वरच्या टोकाला बसवला की प्रश्न मिटतो. अरुंद पाइप नको, त्याच्या भिंतीवरूनच आवाज परत येतो.

आकडे घेताना सरासरी काढू नका. पाच-सात मापं घ्या, क्रमानं लावा, मधलं उचला. पाणी पडताना एखादा आकडा अगदीच भलता येतो आणि सरासरी त्याच्या मागे ओढली जाते. मधल्या आकड्याला त्याचं काही पडलेलं नसतं. आणि पंप बंद करण्याचं काम या सेन्सरवर सोपवू नका. त्याला साधा तरंगता फ्लोट स्विच, ज्यात कोड नाही आणि वायफाय नाही.

ईएसपी३२ ला पाच व्होल्टचा सिग्नल थेट देऊ नका, त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. वायफाय चालू असताना एडीसी२ च्या (व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर वाचन होत नाही, ३४ ते ३९ या पिनांना आतून पुल-अप (मोकळी पिन ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) नाही. तुमच्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांची पहिली संध्याकाळ साधारण याच तीन गोष्टींत जाते, कारण आपल्याला वाटतं चूक कोडमध्येच असणार.

टाकी महिनाभर नीट चालली की शेताकडे वळा. तिथे तीनच गोष्टी कळायला हव्यात: थ्री फेज आली का, मोटर चालू झाली का, आणि ती खरंच पाणी ओढते आहे का.

पहिलीसाठी फेजांना हात लावायची गरज नाही. पॅनेलवाले ज्याला एसपीपी म्हणतात तो सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवून घ्या. तिन्ही फेज ठीक असले की त्याचा एक कोरडा कॉन्टॅक्ट जुळतो. त्या दोन टोकांवर स्वतःचा करंट नसतो. ती दोन टोकं तुमच्या बोर्डाची. मोटरही वाचते, कारण एक फेज गेलेला असताना मोटर चालवली तर वाइंडिंग जळायला वेळ लागत नाही. तारा लांब असतील तर बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप द्या, आणि सिग्नल आल्याबरोबर फोन लावू नका. अर्धा-एक मिनिट तो टिकतो का बघा. लाईट येते, जाते, परत येते. प्रत्येक झटक्याला फोन वाजला तर वडील तिसऱ्या रात्री फोनच बंद करून झोपतील.

उरलेल्या दोन गोष्टी एकाच वस्तूवर होतात, करंट मोजणाऱ्या चिमट्यावर. एससीटी-०१३ जातीचा, ३० अँपिअरला १ व्होल्ट देणारा मिळतो. तो मधून उघडतो, आत वायर ठेवायची आणि टक्कन मिटवायचा. वायर कापावी लागत नाही. हा चिमटा एकाच फेजच्या वायरीवर बसला पाहिजे. मोटरीची जाड केबल अख्खी आत घातली तर तिन्ही फेजांची बेरीज शून्य येते, मोटर धडधडत असते आणि तुमचा आकडा शून्य दाखवतो. ५ एचपीची मोटर पाण्यात साधारण ७ ते ९ अँपिअर घेते, म्हणजे चिमट्यातून पाव व्होल्टच्या आसपास. फार बारीक वाटलं तर वायर चिमट्यातून दोन वेढे घेऊन न्या, आकडा दुप्पट होतो. हा सिग्नल उलटसुलट जाणारा आहे, शून्याच्या खालीही उतरतो. ईएसपी३२ ला शून्याखालचं कळत नाही, म्हणून दोन रेझिस्टरांनी त्याला १.६५ व्होल्टवर उचलून ठेवायचं. पिनेच्या आधी एक किलोओहमचा रेझिस्टर ओळीत टाका, सुरुवातीच्या झटक्यातून पिन वाचते.

मग खरी गंमत सुरू होते. नेहमीचा आकडा आठ असेल आणि तो अचानक पाच-साडेपाचवर आला, तर बोअरचं पाणी खाली गेलं आहे आणि मोटर कोरडी फिरते आहे. आठाचा अकरा झाला तर काहीतरी अडकलं आहे किंवा व्होल्टेज बसलं आहे. पहिले दोन आठवडे कसलीही सूचना पाठवू नका, नुसते आकडे साठवा. तुमच्या मोटरीचा नेहमीचा आकडा कुठल्याही डेटाशीटमध्ये मिळणार नाही, आणि उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यातला वेगळाही असेल. ग्राफ वाचण्यात आपला हात बसलेला असतोच, इथे तो उपयोगी पडतो.

कोरडा कॉन्टॅक्ट आणि चिमटा दोन्ही असे आहेत की तुमच्या सर्किटाचा ४१५ व्होल्टशी कुठेही स्पर्श येत नाही. बोर्ड चालवायला १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि सोलर पॅनेल पुरतं. तरी स्टार्टरची पेटी उघडून ते बसवायचं काम मेन काढून वायरमनलाच करू दे. स्वस्तातला पिवळा मल्टिमीटर ४१५ वर लावायचा नाही, कॅट-३, ६०० व्होल्ट असा सुरक्षेचा दर्जा लिहिलेला चांगला मीटर त्याच्याकडे असतो.

आता बातमी घरापर्यंत कशी आणायची. शेतात वायफाय नाही, म्हणून बहुतेक जण सिम८००एल हे सिम घालून कॉल-एसएमएस करणारं मॉड्यूल घेतात, कारण ते स्वस्त आहे. ते फक्त २जी वर चालतं. जिओचं सिम त्यात चालणारच नाही, जिओकडे २जी नाही. शिवाय टॉवरला सिग्नल पाठवताना ते क्षणभर २ अँपिअर ओढतं आणि त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टच लागतात. पातळ वायरी आणि अशक्त सप्लाय असेल तर ते सतत रीसेट होत राहतं आणि आपण कोड तपासत बसतो. जवळच एक मोठा कपॅसिटर, १००० मायक्रोफॅरडचा, लावा. नव्यानं घेत असाल तर मी ४जीचं ए७६७० जातीचंच घ्या म्हणेन, फक्त त्या मॉडेलवर आणि तुमच्या सिमवर व्हॉइस कॉल लागतो का हे विचारून घ्या.

आपल्या भागाची म्हणून एक खास अडचण आहे, ती पुण्या-बेंगळुरूच्या व्हिडिओंत सापडणार नाही. निपाणी, चंदगडच्या कडेला किंवा खानापुरातून गोव्याच्या बाजूला गेलं की कर्नाटकातलं सिम महाराष्ट्र-गोवा सर्कलचा टॉवर धरतं. माणसाच्या फोनला काही फरक पडत नाही. पण मॉड्यूलला ‘एटी+सीआरईजी’, म्हणजे नेटवर्क मिळालं का, असं विचारलं की आपल्या सर्कलमध्ये ते १ सांगतं आणि रोमिंगमध्ये ५. तयार मिळणारा बराचसा नवखा कोड फक्त १ ची वाट बघतो. नेटवर्क फुल, मॉड्यूल ठणठणीत, आणि प्रोग्राम ‘नेटवर्क नाही’ म्हणून बसलेला. त्या अटीत १ किंवा ५ असं लिहा.

अ‍ॅप बनवायचा मोह आवरा. अडीच वाजता अर्धवट झोपेत वडिलांना हवा तो मिस्ड कॉल. थ्री फेज आली की मॉड्यूल त्यांच्या नंबरवर दोन रिंग देऊन कापेल. साध्या फोनवर चालतं, पैसे लागत नाहीत, आणि कॉल उचलायचा नाही एवढंच शिकवायचं. मग ते उशाशीच पडल्या पडल्या मोबाईल स्टार्टरला कॉल लावतील. मोटर कोरडी पडल्याचा निरोप वेगळ्या नंबरवरून किंवा बोलका ठेवा. शेतावर कामाला असणारा गडी कन्नड बोलणारा असेल तर त्याच्यासाठी ‘करंट बंतु’ असं रेकॉर्ड करून घाला, त्याला मराठी एसएमएस पाठवून काय उपयोग? पेटीवर छोटा १६ बाय २ चा डिस्प्ले लावून त्यावर मराठी दाखवायचा विचारही सोडा. त्यात स्वतःची अक्षरं फक्त आठ बसतात. हिरवा, पिवळा, लाल असे तीन दिवे लांबूनही दिसतात.

पेटीबद्दल मात्र मी हात आखडता घेणार नाही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. जूनमध्ये कुठल्याही शेतातला स्टार्टर उघडून बघा. खालच्या कोपऱ्यात मुंग्यांनी आणलेली माती, कॉन्टॅक्टरच्या सांध्यात चिरडून वाळलेली पाल, आणि जिथून वायरी आत येतात त्या भोकापासून खाली गंजाचा ओघळ. तुमचं यंत्र बंद पडेल ते बहुधा यातल्याच एका कारणानं. धूळ-पाणी अडवणारी आयपी६५ ची प्लास्टिकची पेटी घ्या, प्रत्येक वायर ग्लँडमधूनच (वायरीभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातूनच) आत घ्या, आणि सगळी भोकं खालच्या बाजूला. वायर आत जाण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल. बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या लेपाचा) पातळ हात मारा, आत सिलिका जेलची पुडी टाका. जंपर वायरी आणि ब्रेडबोर्ड पेटीत जाता कामा नयेत. ते टेबलावरचं सामान आहे. सगळं डाग देऊन (सोल्डर करून), स्क्रू टर्मिनल लावून बसवा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट परीक्षकांसमोर दहा मिनिटं चालला की मार्क मिळतात, म्हणून आपल्याला या भागाची सवयच लागलेली नसते.

वर पाऊस-ऊन अडवायला पत्र्याचं छप्पर आणि खांबाला अडकवायची पट्टी हवी. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छ्याला शीट मेटलचं काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे माप काढून न्या. या बाबतीत बेळगावकर नशीबवान आहेत. फाउंड्री आणि मशीनशॉपच्या या गावात पट्टी वाकवून, भोक पाडून, पावडर कोटिंग करून देणारा माणूस शोधायला लागत नाही. मोटर रिवाइंडिंगवाल्याशीही गट्टी करा. एक संध्याकाळ त्याच्या दुकानात स्टुलावर बसलात तर मोटर कशानं जळते हे तो जळलेल्या वाइंडिंगचा रंग आणि जागा दाखवून सांगेल. ‘साहेब, तुमचं कोडबिड बरोबर असंल, पण अर्थिंग कुठाय?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि तो योग्यच असतो.

कोडबद्दल थोडंच. वॉचडॉग टायमर चालू ठेवा, म्हणजे बोर्ड अडकला तर स्वतःच उठेल. मिलिसेकंदांचा मोजणारा आकडा ३२ बिटांचा आहे, साधारण ४९ दिवसांनी शून्यावर येतो. वेळेची तुलना वजाबाकीनं करा, थेट मोठं-लहान बघू नका. घरातल्या बोर्डांना वायफायवरून अपडेट देता येईल अशी सोय पहिल्या दिवशीच करा, गच्चीवर लॅपटॉप घेऊन चढणं पावसात बरं दिसत नाही. आकडे एमक्यूटीटीवरून, म्हणजे छोटे संदेश पोचवणाऱ्या प्रोटोकॉलवरून, आणा. तो प्रोटोकॉल १९९९ मध्ये दुर्गम भागातल्या तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी जन्मला. तुटकं नेटवर्क आणि थोडी बॅटरी हीच आपलीही परिस्थिती.

सामान कुठून घ्यायचं? ऑनलाइन दोन-तीन दिवसांत सगळं येतं. पण पुण्याला ऑफिसात जाणं होईल तेव्हा पासोड्या विठोबाजवळची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं फिरा, वस्तू हातात घेऊन बघण्यात वेगळी समज येते. पहिल्या खेपेला दोन ईएसपी३२ (एक जळेल असं धरून चाला), एक जलरोधक सेन्सर, २५ वॅटची डाग द्यायची इस्त्री, ६०-४० चं सोल्डर, फ्लक्स, बरा मल्टिमीटर, आणि रेझिस्टरांची मिसळ पाकिटं. एवढ्यात टाकीचं काम होतं. चिमटा, एसपीपी आणि सिमचं मॉड्यूल नंतर.

लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा आणि कमी वीज खाणारा रेडिओ, मात्र इतक्यात नको, जरी तुम्ही त्याबद्दल वाचलं असेलच. सिमशिवाय शेत ते घर दोन-तीन किलोमीटर संदेश जातो हे खरं, आणि मलाही ते फार आवडतं. घेताना ४३३ मेगाहर्ट्झची मॉड्यूलं घेऊ नका. आपल्याकडे विनापरवाना बाहेर वापरायला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, त्यासाठी ८६८ चं मॉड्यूल घेऊन कोडमध्ये फ्रिक्वेन्सी खाली आणायची. अँटेना लावल्याशिवाय त्याला करंट देऊ नका, आतला अँप्लिफायर जातो. आणि उभ्या उसातून सिग्नल जात नाही म्हटलं तरी चालेल. अँटेना उसाच्या वर, खांबावरच हवी. तो खांब रोवायला ऊस तुटेपर्यंत थांबा, एरवी वाफ्यात पाय ठेवायला वडील देणार नाहीत.